उलटी कौलं

"सायेब, कौलं उलटी लागल्यात."

रावबा हे बोलला तेव्हा मी लोखंडी खांबाला टेकून जेवणाचा डबा उघडत होतो. निवळी घाटाचं ते मोठं वळण. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी आणि मैलभरात एक घर नाही. तेव्हा कौलं कुठून आली हे मला कळेना.

"कसली कौलं, रावबा?"

"ही काय. तुमी लावल्याली." रस्त्याच्या कडेला नव्याकोऱ्या पत्र्याची रांग उभी होती. रावबानं तिच्यावर थाप मारली.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. डिप्लोमा झालेला, कंत्राटदाराकडे सुपरवायझर. कामावरची माणसं मला 'सायेब' म्हणत आणि माझे साहेब मला 'नंद्या' म्हणत. नंदकुमार हेरवाडकर असं पूर्ण नाव घेणारं घराबाहेर कुणी नव्हतं. घाटात दरीच्या बाजूनं लोखंडी कठडा बसवायचं काम आमच्याकडे होतं. कागदोपत्री त्याला क्रॅश बॅरियर म्हणत, पण आमच्यात सगळे 'पत्रा' एवढंच म्हणत. जमिनीत खांब ठोकायचे, खांबांवर चार मीटरचा जाडजूड, वळ्यावळ्यांचा पत्रा बसवायचा, त्याला लागून दुसरा, मग तिसरा. जिथं दोन पत्रे मिळतात तिथं वीतभर एकावर एक चढवायचे आणि आठ बोल्ट आवळायचे. याला म्हणायचं जोड. त्या वळणावर असे चाळीस जोड होते आणि सगळे आदल्या चार दिवसांत माझ्या देखरेखीखाली झाले होते.

रावबा त्या चार दिवसांत नव्हता. साठीला आलेला हा माणूस, मूळचा घरं शाकारणारा. वैशाख आला की त्याच्या गावातल्या घरांवरची कौलं उतरवून परत लावायला त्याच्याशिवाय कुणी नसायचं, म्हणून आठवड्याची रजा काढून तो गेला होता. परत आला, चालत वळण चढला आणि डोळे असलेल्या आम्हां दहा जणांना न दिसलेली गोष्ट त्यानं पहिल्या फेरीत सांगितली.

"पावसाचं पाणी वरनं खाली येतंय न्हवं?" तो माझ्याजवळ उकिडवा बसला. "मग वरचं कौल खालच्याच्या वर चढवाय पायजे. उलटं लावलं की पाणी कडंत शिरतंय, घर गळतंय. हितं गाड्या वरनं खाली येत्यात. तर ह्या पत्र्याची कड बगा कुनीकडं हाय."

मी डबा बाजूला ठेवून उठलो. कडेवरून हात फिरवला. वरून उतरणारी गाडी जिकडून येणार, नेमकं तिकडे प्रत्येक पत्र्याचं उघडं टोक तोंड करून उभं होतं. एक नाही, चाळीसच्या चाळीस.

त्या दिवशी डबा तसाच राहिला. कारण हा पत्रा कशासाठी असतो ते मला शिकवलेलं होतं. गाडीला दरीत जाऊ द्यायचं नाही हे त्याचं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे आतल्या माणसाला मारायचं नाही. गाडी त्याच्यावर आदळली की त्यानं तिला अंगाला घासत घासत पुढं न्यायचं, सावकाश थांबवायचं. पण वाटेत उघडी कड आली तर गाडीचं नाक तिच्यात अडकतं, बोल्ट फाटतात, पत्रा सुटतो आणि सरळ आत घुसतो. प्रशिक्षणात आम्हांला एका जीपचा फोटो दाखवला होता. डाव्या दिव्यातून शिरलेला पत्रा मागच्या काचेतून बाहेर आलेला. त्या जीपमध्ये डाव्या बाजूला कोण बसलं होतं, हे विचारायचा धीर वर्गात कुणाला झाला नाही.

चूक कशी झाली ते मला लगेच कळलं, आणि कळलं म्हणून जास्तच लाज वाटली. आमच्या धंद्याचा नियम सोपा आहे. गाडी जिकडे जाते त्या टोकापासून काम सुरू करायचं आणि गाड्यांच्या अंगावर चालत जायचं. म्हणजे इथं खालून वर. मग प्रत्येक नवा पत्रा आपसूक आधीच्याच्या वर बसतो, सुलटा. पण त्या वळणाच्या वरच्या टोकाला, जांभळाखाली म्हसोबा होता. शेंदूर फासलेला धोंडा, वर पत्र्याची चार फुटी मेघडंबरी, शेजारी शेवंताक्काचं नारळाचं आणि चहाचं खोपटं. कामाचा नारळ मी खालच्या टोकाला न्यायला निघालो तशी शेवंताक्कानं मला अडवलं होतं.

"म्हसोबा हितं, आनि नारळ तकडं? देवाला डावलून काम सुरू करतासा व्हय? येकादं मानूस पडंल दरीत, मग बसा रडत."

माणसांनी माझ्याकडे बघितलं. मी शिकलेला, पण नारळावरून वाद घालण्याइतका शिकलेला नव्हतो. म्हसोबाजवळच्या खांबाला हळदकुंकू लावलं आणि तिथंच नारळ फोडला. आणि आमच्या लोकांत ज्या खांबावर नारळ फुटला त्या खांबापासूनच हात लावतात, इकडचं तिकडं होत नाही. काम वरून खाली सुरू झालं. तसं करायला हरकत नव्हती, फक्त प्रत्येक पत्रा आधीच्याच्या मागून सरकवायला हवा होता. पहिल्या पत्र्याला ते माझ्या लक्षातही होतं. पण मागून सरकवायचा तर खांब आडवा येतो आणि समोरून टेकवला की झालं. दुपारी ऊन असं होतं की समोरून टेकवलेलं सगळ्यांनाच बरं वाटलं. मलासुद्धा.

मी खानविलकर साहेबांना फोन लावला. ते आमचे साइटचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, फक्त तारखांना घाबरायचा.

"किती जोड?" त्यांनी विचारलं.

"चाळीस, साहेब. सगळेच."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "नंद्या, परवा तपासणी आहे."

"माहीत आहे साहेब. पण हे असं ठेवलं तर..."

"मला शिकवू नकोस. आज दुपार आणि उद्याचा दिवस तुझा. होतील तेवढे उलटून घे. उद्या पाच वाजता ट्रक येईल, हत्यारं आणि माणसं घेऊन करंजाळ्याच्या कामावर जायचं. तिथं मशीन भाड्यानं उभं आहे, ते तुझ्यासाठी थांबणार नाही. आणि हे बघ, एक जूनला तुझी कायम व्हायची ऑर्डर माझ्या टेबलावर येणार आहे. असल्या भानगडीत ती अडकायला नको."

शेवटचं वाक्य त्यांनी मायेनं म्हटलं होतं, धमकी म्हणून नाही. म्हणूनच ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

आम्ही खालच्या टोकापासून सुरुवात केली. आठ बोल्ट काढायचे, पत्रा खांबापासून सोडवायचा, टॉमी, म्हणजे छोटी पहार, घालून मागचा पुढं आणि पुढचा मागं करायचा, परत आठ बोल्ट. ऐकायला सोपं आहे. नव्या पत्र्याची कड सुरीसारखी असते आणि मे महिन्यात तो तव्यासारखा तापतो. माणसांनी हाताला पोत्याचे तुकडे बांधले. मी पण पाना घेतला. सुपरवायझरनं पाना घ्यायचा नसतो, पण त्या दिवशी घेतला. रावबा सगळ्यांच्या पुढं होता आणि एका शब्दानंही 'कुणाची चूक' असं म्हणाला नाही. त्यानं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ट्रक आला तेव्हा एकोणतीस जोड सुलटे झाले होते.

"अकरा ऱ्हायलं," रावबा म्हणाला.

"म्हसोबाकडचे आहेत ते." मी घाम पुसला. "तिथं रस्ता सरळ आहे रावबा, वळण खाली सुरू होतं. गाडी चुकली तर वळणावर चुकेल. सरळ रस्त्यावर कोण कशाला धडकायला येतंय?"

रावबा वर म्हसोबाकडे बघत उभा राहिला. एक मोटारसायकल आली, म्हसोबासमोरून गेली, खाली उतरली. तिच्या मागून एक टेंपो गेला. रावबा त्यांच्याकडे बघत होता आणि मी ट्रकमध्ये हत्यारं मोजून चढवत होतो.

"सायेब," तो शेवटी म्हणाला, "दोन पानं आनि येक टॉमी द्या की. चार दिसांत परत आनतो. गोठ्याचं दार बसवायचं हाय."

मी दिलं. नियमात बसत नव्हतं, पण त्या दिवशी रावबानं माझी चप्पल मागितली असती तरी दिली असती.

तपासणीला आलेले इंजिनीअर सज्जन होते. वळणावर गाडी थांबवली, चार-पाच जोड बघितले, "छान, पत्र्यावर पत्र्याचा लॅप बरोबर घेतलाय," असं म्हणाले. मग वर चालत जायला निघाले.

"सर, वर ऊन फार आहे," मी म्हणालो. "तिकडं सगळं असंच आहे."

हे वाक्य मी किती वेळा आठवलं असेल त्याची गणती नाही. ते थांबले, कपाळावर हात धरून वर बघितलं आणि मागं फिरले. तक्त्यावर एक ओळ होती, सर्व जोड वाहतुकीच्या दिशेनुसार आहेत. तिच्यापुढं मी सही केली. सही नेहमीसारखीच आली.

त्यानंतरचे अठरा दिवस मी करंजाळ्याला काम केलं आणि निवळी घाटातून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला "रस्ता कसा आहे" असं सहज विचारल्यासारखं विचारत राहिलो. "बरा हाय" असं उत्तर मिळालं की तेवढ्यापुरतं जेवण जायचं. खानविलकरांना परत एकदा म्हटलं, "साहेब, ते अकरा..." ते म्हणाले, "पावसाळ्यानंतर देखभालीत घेऊ." मी बरं म्हणालो. मला तेवढंच ऐकायचं होतं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन वाजला. शेवंताक्का.

"सायेब, म्हसोबापाशी गाडी गेली तुमच्या पत्र्यावर! पांढरी व्हॅन! लगीनघरची हाय, नवरी हाय आत..."

"माणसं? शेवंताक्का, माणसं कशी आहेत?"

पुढं नुसती खरखर. घाटात रेंज अशीच जायची. परत लावला, लागला नाही. परत लावला. म्हसोबापाशी म्हणाली होती. म्हणजे त्या अकरांत. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

मी मोटारसायकलला किक मारली तेव्हा रावबा आपणहून मागं येऊन बसला. कुणी त्याला बोलावलं नव्हतं. चौदा किलोमीटर होते. डोळ्यांपुढं ती फोटोतली जीप होती आणि डाव्या बाजूची सीट होती. व्हॅनमध्ये डावीकडे पुढं कोण बसलं असेल, एवढा एकच प्रश्न डोक्यात फिरत होता. चालवणारा उजवीकडे असतो आणि पत्रा डावीकडे.

"सायेब, हळू चालवा," रावबा कानाशी ओरडला. "पत्रा धरंल."

मला राग आला. न धरणारा पत्रा धरेल म्हणून सांगणं हे दिलासा देणाऱ्याचं काम. त्याला काय, सही त्याची नव्हती. मी ॲक्सिलरेटर आणखी जोरात पिळला.

घाट चढताना आधी दिसल्या त्या कुरडया. रस्ताभर पांढऱ्या कुरडयांचा चुरा, मग पापड, मग सांडगे, एक फुटलेली परडी, रंगीत कागदाच्या फुलांची कमान चेंदामेंदा होऊन पडलेली. नवरीबरोबर पाठवायचं रुखवत. त्या सगळ्यात एकही माणूस दिसत नव्हतं. आणि मग वळणापलीकडून एका बाईचा आवाज आला.

"डोळं फुटलं व्हतं काय रं तुजं? आँ? पंदरा दिस कुरडया घातल्या मी! पंदरा दिस! त्यो म्हसोबा काय पळून चालला व्हता व्हय, दोनी हात सोडून नमस्कार घालतोयस!"

आयुष्यात शिव्या पुष्कळ ऐकल्या, पण इतक्या गोड कुठल्याच लागल्या नाहीत. मोटारसायकल स्टँडला लावायचं भान राहिलं नाही, ती तशीच आडवी पडली.

व्हॅन पत्र्याला अंग घासून चाळीस फूट पुढं जाऊन उभी होती. डावा दिवा फुटलेला, डाव्या दाराला लांबच्या लांब ओरखडा, पण दार दाराच्या जागी होतं. पत्रा पोटात दबला होता, दोन खांब कलले होते, सुटलेला मात्र कुठंही नव्हता. म्हसोबाच्या पायरीवर पोरगा बसला होता, पंचविशीचा, गळ्याला रुमाल, पांढराफटक पडलेला. हा महादू, नवरीचा भाऊ, व्हॅन तोच चालवत होता. त्याच्यापुढं उभी राहून बोलत होती ती त्यांची इंदूआत्या. तिचा डावा हात शेवंताक्कानं पदराच्या झोळीत बांधला होता, तो मोडला होता हे बघताच कळत होतं, पण उजवा हात मोकळा असल्यामुळे तिचं काम अडलं नव्हतं. मागच्या सीटवर ती टोपल्यांच्या मधे, पट्ट्याबिट्ट्याशिवाय बसली होती, पुढच्या सीटवर आदळली.

"आणि नवरी?" मी विचारलं.

"ही काय," शेवंताक्का म्हणाली.

खोपट्याच्या बाकड्यावर एक मुलगी चहा पीत बसली होती. हळद लागलेले पिवळे हात, मनगटात हिरवा चुडा, त्यातल्या दोन बांगड्या फुटलेल्या. कपाळावर काचेचा बारीक ओरखडा. खांद्यापासून खाली पट्ट्यानं घासलेला लाल वळ दिसत होता.

"तू कुठं बसली होतीस?"

"म्होरं," ती म्हणाली. "डाव्या अंगाला. साडी चुरगळंल म्हनून पट्टा लावत न्हवते, दादानं ओरडून लावायला लावला." मग कप खाली ठेवून म्हणाली, "उद्या लगीन हाय माजं. ह्यो वळ दिसंल का वो फोटोत?"

मी तिथंच रस्त्यावर बसलो. काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. हसू आणि रडू एकदमच आलं आणि त्यातलं काय आधी बाहेर पडलं ते आठवत नाही. शेवंताक्कानं माझ्याही हातात चहा दिला. निम्मा सांडला.

थोड्या वेळानं डोकं चालू लागलं आणि मग ते नको तिकडं गेलं. गाडी तर उलट्या कडांवर आपटली होती. मग अडकली का नाही? मी उठलो आणि पत्र्याजवळ गेलो. ओरखडा जिथं सुरू होत होता तिथल्या जोडावरून हात फिरवला. कड लागली नाही. वरचा पत्रा खालच्यावर चढलेला, सुलटा. मला वाटलं मी जागा चुकलो. पुढच्या जोडापाशी गेलो. सुलटा. मागं गेलो. नारळ फोडलेल्या खांबावर माझं हळदकुंकू अजून होतं, म्हणजे जागा हीच. त्या खांबापासून मोजत खाली उतरलो. दहा, अकरा. सगळे सुलटे. व्हॅन तीन जोडांवरून घासत गेली होती आणि तिन्ही तिच्या अंगाखालून सरळ निसटले होते.

मागं वळून बघितलं तर रावबा कलल्या खांबाला खांदा लावून तो किती हलतोय ते बघत होता, जणू त्याचा या सगळ्याशी तेवढाच संबंध.

"रावबा," मी म्हणालो, "गोठ्याचं दार बसलं का?"

तो ओशाळा हसला. "त्ये कवाच बसलंय, सायेब. दोन सालाखाली."

"कधी केलंस हे?"

"अवसंला."

अवसेला आमचं काम बंद असतं. अवस पाळत नाही असा एकही माणूस या धंद्यात मी पाहिला नाही. मशीन उभं राहिलं तरी चालेल, पण त्या दिवशी लोखंडाला हात लावायचा नाही. खुद्द रावबा इतरांना त्यावरून दरडावायचा.

"अवसेला? तू?"

"मग सुट्टी कवा घावनार? मी, आमची मालकीन आनि दोन पुतनं. सकाळी आलो, दिस कलंस्तवर झालं. म्हसोबाला म्हटलं, बाबा, ह्या येका डावाला नजर तकडं कर."

"पण तुला कसं वाटलं इथं गाडी धडकेल? मी तर म्हणालो होतो, सरळ रस्ता आहे."

"सायेब, तुमी हत्यारं मोजत व्हतासा. मी गाड्या बगत व्हतो." रावबानं म्हसोबाकडे हात केला. "समदी हितंच हात सोडत्यात. येकजनबी असा न्हाई ज्यो हितनं जातोय आनि हात जोडत न्हाई. मोटारसायकलवाला येक हात सोडतोय, टेंपोवाला दोन. वळन म्होरं हाय, पर हात हितं सुटतोय."

म्हसोबासमोर मी चार दिवस बसून जेवलो होतो. शेकडो गाड्या गेल्या असतील. मीही येता-जाता हात जोडले होते. आणि सरळ रस्त्यावर कोण धडकेल, असं विचारणारा मीच होतो.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हणालो. "अठरा दिवस, रावबा. अठरा दिवस मी... आत्तासुद्धा, येताना गाडीवर तरी सांगायचंस!"

"माज्या हातचं धरतंय का न्हाई, त्ये बगितल्याबिगार कसं सांगू?" तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "आनि आदी इचारलं असतं, तर तुमी काय म्हटला असतासा?"

'पावसाळ्यानंतर देखभालीत घेऊ' म्हटलं असतं. खानविलकरांचंच वाक्य, माझ्या आवाजात.

"मी सही केली होती," मी म्हणालो. हे मी त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. "सगळे बरोबर आहेत म्हणून. तपासणीवाले वर यायला निघाले होते, मीच त्यांना फिरवलं."

रावबानं जराही आश्चर्य दाखवलं नाही. "तवा खोटी व्हती," तो म्हणाला. "अवसंला खरी झाली. आता नगा इस्कटू."

पण मी विस्कटली. दुसऱ्या दिवशी खानविलकरांसमोर उभं राहून अकराही जोडांचं सांगितलं, सहीचंही आणि कुणी, कधी दुरुस्त केले तेही. त्यांनी टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले, "यापुढं नारळ खालच्या टोकाला. देव कुठंही असो." माझी ऑर्डर एक जूनला आली नाही, ऑगस्टात आली. तीही त्यांनीच आणवली. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी खालच्या गावातून जीप आली आणि इंदूआत्याला दवाखान्यात न्यायचं ठरलं. जाता जाता तिनं भाच्याला आणखी दोन शब्द सुनावले, फुटक्या टोपल्या मागं टाकायला लावल्या आणि मग एका डब्याचं झाकण दातानं उघडलं. हात एकच चालत होता ना. डब्यात लाडू होते, रुखवतातले, एकही फुटला नव्हता.

"पत्रा लावनारं सायेब तुमीच न्हवं?" ती माझ्याजवळ आली. "ही शेवंता सांगत व्हती. घ्या. माज्या लेकराचं तोंड आज तुमच्या पत्र्यानं दाखीवलं." आणि तो लाडू तिनं माझ्या तळहातावर ठेवला. उद्याच्या लग्नाला यायचं आवतणही दिलं, तेही दरडावूनच.

जीप उतरून गेली. तिच्यात नवरीशेजारी महादू म्हसोबाकडे न बघता, दोन्ही हातांनी पुढचा दांडा घट्ट धरून बसला होता. मी तो लाडू हातात घेऊन उभा होतो आणि तो मला खाता येत नव्हता. शेवटी रावबाजवळ गेलो आणि त्याच्या हातावर ठेवला.

"हा तुझा आहे."

रावबानं लाडवाकडे बघितलं. त्याच्या त्या खरबरीत, कडेनं कापलेल्या बोटांनी तो मधोमध फोडला. मधोमध कसला, एक मोठा तुकडा आणि एक लहान. मोठा माझ्याकडे केला.

"ह्यो तुमचा."

"रावबा, नको रे. ते अकरा तुझे आहेत."

"म्हनून तर ल्हान मी घेतला," तो म्हणाला. "माजं अकराच. तुमचं येकोनतीस हायत. त्येबी उन्हातच केल्यात."

त्यानं आपला तुकडा तोंडात टाकला आणि कलल्या खांबाकडे चालू लागला. मी माझा खाल्ला. बेसनाचा होता, वेलची घातलेला, आणि अठरा दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी सरळ गळ्याखाली उतरलं.